पाच मे, नाचोज आणि मेक्सिकोचे सण: परदेशात गेल्यावर ताटात काय उरतं?

पुएब्लातली_पुणेकर

नमस्कार मंडळी. मागे एका खादाडीच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की पुण्यातल्या एका हॉटेलात पाच मेला 'मेक्सिकन नॅशनल डे' साजरा झाला, नाचोज, बुरिटो, डोक्यावर कागदी सोम्ब्रेरो वगैरे, आणि मला विचारलं होतं की तुमच्याकडे तर त्या दिवशी नुसता धिंगाणा असेल ना. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढू. (आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात राहतो. चाकणला आणि इथे एकाच जर्मन कंपनीचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्याची माणसं येऊनजाऊन असतात.)

तर पहिलं म्हणजे पाच मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही. तो १६ सप्टेंबर, आणि खरी मजा १५ च्या रात्री, १८१० साली मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दोलोरेस गावात लोकांना उठावाची हाक दिली त्याची आठवण म्हणून. पाच मे ही आमच्या पुएब्लाची लढाई, १८६२ ची. बेनितो हुआरेसच्या सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, वसुलीच्या नावाखाली फ्रेंच सैन्य आत घुसलं आणि जनरल सारागोसाच्या फौजेने त्याला शहराच्या वेशीवर हरवलं. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी शहर घेतलंच ते सोडा. आता त्या दिवशी पुएब्लात मोठं संचलन असतं, शाळेची पोरं उन्हात बँड वाजवत जातात, आणि घरी येऊन लोक रोजचंच जेवतात. नाचोज कुणी खात नाही. ते मुळात सणाचे नाहीतच, उत्तरेला अगदी अमेरिकेच्या सीमेवर पिएद्रास नेग्रास गावात १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला इग्नासियो आनाया नावाच्या माणसाने पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी हाताशी होतं ते वापरून केलेली डिश आहे. त्यावर ओततात ते पिवळं पातळ चीज तर १९७६ मध्ये टेक्सासच्या बेसबॉल स्टेडियममधून सुरू झालं.

मग खरं सणाचं काय खातात? इथे मला लिहायला हात शिवशिवतात. चिलेस एन नोगादा घ्या. पोब्लानो मिरची भाजून, सोलून, त्यात खिमा आणि फळं, म्हणजे इथलं छोटं सफरचंद, पेअर, पीच, बेदाणे, बदाम असं सारण भरायचं, अंड्याच्या फेसात बुडवून तळायचं आणि वरून ताज्या अक्रोडाचा पांढरा सॉस, डाळिंबाचे दाणे, पार्सली. हिरवा, पांढरा, लाल, झेंड्याचे रंग. १८२१ मध्ये स्वातंत्र्य मिळवून देणारा सेनापती इतुर्बिदे पुएब्लात आला तेव्हा इथल्या मठातल्या नन्सनी त्याच्यासाठी केला अशी दंतकथा आहे, इथे कुणासमोर त्यावर शंका काढू नये. पण महत्त्वाचं हे की हा पदार्थ जुलैअखेर ते सप्टेंबर एवढ्यातच होतो, कारण ती फळं, डाळिंब आणि ओला अक्रोड तेव्हाच येतो. ओल्या अक्रोडावरचं पातळ कडू साल हाताने सोलावं लागतं, एकेका तुकड्याचं. माझी शेजारीण (वय सत्तरीच्या पुढे, मी त्यांना दोन्या म्हणते, इथे मोठ्या बाईंना तसंच म्हणतात) सगळ्या सुना आणि मला बसवून ते करून घेते, बोटं काळी होतात आणि गप्पा संपत नाहीत. परदेशातल्या मेनूवर हाच पदार्थ बारा महिने मिळतो. वाळके अक्रोड, क्रीम चीज, आणि फेब्रुवारीतही डाळिंब. चव वाईट असेल असं नाही. पण फेब्रुवारीत मिळणारं चिलेस एन नोगादा म्हणजे नक्की कशाचा सण?

माझं म्हणणं एवढंच आहे. साहित्य बदललं तरी चालतं, माणसं जिथे जातील तिथलं मिळेल ते वापरणारच. पण सणाचं जेवण एका तारखेला आणि चार माणसांच्या देण्याघेण्याला बांधलेलं असतं, आणि दुकान नेमकं तेच सोडवून टाकतं. सहा जानेवारीची रोस्का बघा. गोल पाव, वर साखरेत मुरवलेली फळं, आत बाळाची छोटी बाहुली लपवलेली. ज्याच्या तुकड्यात बाळ निघेल त्याने दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमालेस (मक्याच्या पिठात सारण भरून, सालात गुंडाळून वाफवलेले) खायला घालायचे. त्यामुळे सुरी चालवताना सगळे असे सावध असतात की बघत राहावं, काही महाभाग बाळ चक्क गिळल्यासारखं करून खिशात टाकतात. आता हीच रोस्का कुणी एकट्याने विकत आणून फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभर चहासोबत खाल्ली तर तमालेस कोण कुणाला देणार?

तुमचे अनुभव लिहा. परदेशात असाल तर जास्तच.

खादाडखाऊ

जबरी लिहिलंय ताई. तो पाच मेचा प्रतिसाद माझाच होता, नाचोज मीही चापले होते. बुरिटोबद्दल काही लिहिलं नाहीत ते?

पुएब्लातली_पुणेकर

@खादाडखाऊ, बुरिटो उत्तरेचा, सोनोरा चिवावाकडचा, तिकडे गव्हाची पोळी खातात म्हणून. पुएब्लात सणाला कुणी करत नाही. तुम्ही चापलेत ते बरंच केलंत :)

टेक्सासवाला

लेख आवडला पण थोडा वाद घालतो. मी सॅन अँटोनियोला राहतो. इथे 'अस्सल की नकली' असं विचारलं तर इथली माणसं तुमच्याकडे वेड्यासारखी बघतील, कारण टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोतच होतं आणि यांच्यातली कित्येक घरं कुठूनही 'आलेली' नाहीत, सीमा त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. डिसेंबरमध्ये इथे प्रत्येक मेक्सिकन घरात तमालाडा असतो, म्हणजे आजी, आत्या, मावश्या, पोरं सगळी टेबलाभोवती, एकजण मक्याची सालं भिजवतो, एकजण त्यावर मक्याचं भिजवलेलं पीठ थापतो, एकजण सारण, एकजण घड्या. डझनाच्या हिशोबाने होतात आणि शेजारीपाजारी, ऑफिसात, पोस्टमनला वाटले जातात. मला दर नाताळात ऑफिसातल्या बाईंकडून पुडकं येतं. हे टेक्स-मेक्सच आहे, जिरं जास्त, पण तुमचं ते तारीख आणि देणंघेणं सगळं शाबूत आहे. उलट मेक्सिको सिटीत लोक कोपऱ्यावरून विकत आणत असतील.

अवांतर: १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड प्रचारासाठी इथे अलामोला आले, त्यांना तमाल दिला आणि त्यांनी वरच्या सालासकट चावा घेतला. इतकी वर्षं झाली तरी इथले लोक अजून ते हसत हसत सांगतात. निवडणूक हरले त्यात टेक्सासही गेलं, लोक त्याचं श्रेय तमालला देतात.

पुएब्लातली_पुणेकर

@टेक्सासवाला, अहो मग आपलं भांडण कुठे आहे? मी तेच म्हणतेय. सॅन अँटोनियोचा तमालाडा मला कांदेलारियाइतकाच खरा वाटतो. माझा राग सोम्ब्रेरोवर आहे. आणि हो, इथेही दोन फेब्रुवारीला सकाळी तमालेसवालीपुढे ही रांग असते, ऑफिसातल्या ज्याला बाळ निघालं तो बिचारा भलंमोठं पातेलं भरून घेऊन जातो. विकतचे, पण देणं फिटतं.

कडवट_काका

मला हे 'परदेशात जाऊन बिघडलं' प्रकरण पटत नाही. घरचेच काय कमी आहेत? मेक्सिको सिटीतली ती प्रसिद्ध मृतांच्या दिवसाची परेड, सांगाडे, फुगे, प्रचंड गर्दी, ती २०१६ मध्ये सुरू झाली. का, तर २०१५ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात तशी परेड दाखवली होती आणि बघून लोक विचारत येतील म्हणून. म्हणजे आधी सिनेमा, मग परंपरा. आता पर्यटक ती 'प्राचीन' म्हणून बघतात. डिस्नेने २०१३ मध्ये 'दिया दे लोस मुएर्तोस' या नावाचाच ट्रेडमार्क मागितला होता, लोकांनी बोंब मारली म्हणून अर्ज मागे घेतला, त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण तुमच्या सुपरमार्केटमध्ये पान दे मुएर्तो कधी येतो हो? खरं सांगा.

पुएब्लातली_पुणेकर

@कडवट_काका, खरं सांगते. ऑगस्टअखेर. आणि आत नुटेला. पिस्त्याचं क्रीम पण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पान दे मुएर्तो म्हणजे एक आणि दोन नोव्हेंबरचा पाव, लोणी आणि अंडं घातलेला, संत्र्याची साल आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी, वर पिठाच्याच हाडांची फुली, मधे कवटीचा गोळा, सगळ्यावर साखर. गरम चॉकलेटमध्ये बुडवून खायचा. ओआहाकाकडे वेगळाच, त्यांच्या पिवळसर पावात वर छोटासा रंगीत चेहरा खोचलेला असतो. तो ओफ्रेंदावर, म्हणजे त्या दिवसांत घरी येणाऱ्या मृतांसाठी मांडलेल्या वेदीवर, आधी ठेवतात आणि मग खातात, निदान तसं होतं, आता सप्टेंबरपासून ऑफिसात कॉफीसोबत सुरू. दोन्या यावर फार चिडते, म्हणते मेलेले यायच्या आधी आम्हीच संपवला.

मोलेचंही सांगते नाहीतर तुम्ही पुढे तेच विचाराल. परदेशात मोले म्हणजे 'चॉकलेट सॉस' अशी समजूत आहे, पुएब्लाच्या मोलेत चॉकलेट अगदी थोडं असतं, खरा ऐवज म्हणजे तीनचार प्रकारच्या वाळक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, बदाम, बेदाणे, लवंग, दालचिनी, तळलेली शिळी तोर्तिया, पिकलेलं केळं. पण म्हणून काय प्रत्येक घरात पाट्यावर वाटतात असं नाही. बाजारात तयार लगदा किलोवर मिळतो, चांगला असतो, सणालाही वापरतात. बाटलीतला 'दोन्या मारिया' ब्रँडचा मोले तर घरोघर, त्याची काचेची बाटली म्हणजे चक्क पेला असतो, मोले संपला की पाणी प्यायला. आमच्या शेजारी त्या पेल्यांचा अख्खा सेट आहे. तर मी सोवळं पाळत नाहीये काका.

कडवट_काका

ऑगस्टअखेर. बास, माझं काम झालं.

एलए_ची_वहिनी

मी लॉस एंजेलिसची, दोन मुद्दे.

एक, पाच मे. तुम्ही सगळे त्याला नकली म्हणताय पण कॅलिफोर्नियात तो १८६० च्या दशकापासून आहे! पुएब्लाची बातमी इथे पोचली तेव्हा इकडे अमेरिकेत यादवी चालू होती, इथल्या मेक्सिकन लोकांना वाटलं की फ्रेंच हरले म्हणजे गुलामीवाल्या दक्षिणेची बाजूही लंगडी होणार, म्हणून त्यांनी मिरवणुका आणि भाषणं केली. पुढे १९६०-७० मध्ये चिकानो (अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांच्या) चळवळीच्या पोरांनी तो परत उचलला. सोम्ब्रेरो आणि मार्गारीटा हे सगळं त्यानंतरचं, १९८० च्या दशकात बिअर कंपन्यांनी जाहिरातींवर पैसा ओतला तेव्हाचं. म्हणजे सण इथला खराच आहे, पण बिअरने गिळला. बिघडला म्हणताना हे लक्षात ठेवा.

दोन, पोंचे. १६ ते २४ डिसेंबर पोसादा असतात, लोक गाणी म्हणत घरोघर जागा मागत फिरतात आणि शेवटी गरमागरम पोंचे मिळतं. त्यात पेरू, ऊस, चिंच, दालचिनी, सुके आलूबुखारे, लाल अंबाडीची बोंडं, इथला गूळ पिलोन्सियो, आणि तेहोकोते. तेहोकोते म्हणजे बोराएवढं किंवा जरा मोठं पिवळं फळ, शिजलं की मऊ आणि किंचित आंबटगोड. कीड येईल म्हणून ताजं तेहोकोते अमेरिकेत आणायला कित्येक वर्षं बंदी होती, गोठवलेलं किंवा बरणीतलं चालायचं, पण त्याने लोकांचं समाधान होईना. परिणाम काय, २००२ ते २००६ मध्ये मेक्सिकोतून अमेरिकेत सर्वात जास्त चोरून आणलेलं फळ हेच! पेरूही नाही, आंबाही नाही, तेहोकोते! इथेच झाडं लावून ताजं विकायला सुरुवात झाली, मग २०१५ मध्ये मेक्सिकोतूनही परवानगी मिळाली. आता डिसेंबरात मेक्सिकन दुकानात पिशवीत मिळतं, महाग. मोठ्या सुपरमार्केटच्या 'पोंचे फ्लेवर' चहाच्या डब्यात मात्र ते नसतं. नुसत्या दालचिनीच्या गोड पाण्यासाठी कुणी फळं चोरून आणली असती का?

पुएब्लातली_पुणेकर

वहिनी हे तेहोकोतेचं मला माहीतच नव्हतं. भारी!! इथे डिसेंबरात ढिगाने मिळतं, किंमतच वाटत नाही.

शिरीषफूल

वाचताना सारखं वाटत होतं की हा मृतांचा दिवस म्हणजे तर आपला पितृपक्ष. आवडीचे पदार्थ करायचे, त्यांना आधी दाखवायचे, मग आपण जेवायचं. झेंडूसुद्धा तोच. ओफ्रेंदाचा फोटो बघितला आणि मला सर्वपित्रीचं ताट दिसलं.

पुएब्लातली_पुणेकर

@शिरीषफूल, हो सगळ्या भारतीयांना तेच वाटतं, मलाही वाटलेलं. झेंडू तर मूळचा मेक्सिकोचाच, इथे सेम्पासुचिल म्हणतात आणि अख्ख्या देशात सर्वात जास्त आमच्या पुएब्लातच पिकतो, ऑक्टोबरात अत्लिस्कोकडे गेलात तर शेतं नुसती केशरी दिसतात. पण साम्य तिथेच संपतं हो. पितृपक्षात आपण नवीन काही घेत नाही, एक दबलेपण असतं. इथे उलटं. अत्लिस्कोच्या पुढे वाकेचुला म्हणून गाव आहे, तिथे त्या वर्षी ज्याच्या घरी कुणी गेलं असेल ते घर छताला भिडणारी मजल्यामजल्यांची पांढरीशुभ्र सॅटिनची वेदी उभारतं. दार सताड उघडं. कुणीही यावं, आपण मेणबत्ती न्यायची, आणि घरचे तुम्हाला बसवून मोले, पाव, गरम चॉकलेट देतात. ओळख लागत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नको नको म्हणत होतो तर त्या घरच्या काकूंनी जरा रागानेच पाहिलं, म्हणाल्या की हे त्याच्या नावाने आहे, तुम्ही नाही खाल्लं तर त्याला कसं पोचणार. आणि हॅलोविनच्या शेल्फवर साखरेच्या कवटीच्या आकाराचा कपकेक सहा डॉलरला. कुणाच्या नावाने? असो.

भटक्या_विमुक्त

युकातानचं राहिलं. आम्ही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलो होतो. कानकूनच्या एका रिसॉर्टमध्ये 'डे ऑफ द डेड डिनर', चेहऱ्यावर कवट्या रंगवलेले वेटर, आणि बुफेमध्ये फाहिता, म्हणजे टेक्स-मेक्स पदार्थ. फाहिता! मग मेरिदाला गेलो तर तिथे या दिवसांना हानाल पिशान म्हणतात आणि खातात पिब. परातीएवढा तमाल, मक्याच्या पिठात चरबी आणि आचियोते (लाल रंग देणारं बी), आत कोंबडी, डुक्कर, दाट रस्सा, सगळं केळीच्या पानात बांधून जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर पुरायचं. वरून कुरकुरीत, आतून लुसलुशीत, धुराचा वास. शहरात अंगण नाही म्हणून बरेच लोक तयार करून कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत देतात, त्या दिवशी बेकरीवाला पावाऐवजी दुसऱ्यांचे पिबच भाजत असतो. दोन्ही एकाच देशात. परदेश कशाला पाहिजे.

पिठलंभाकरी

मी शुद्ध शाकाहारी, मला काय खाता येईल ते सांगा. आणि पुण्यात तमालेस करता येतील का?

पुएब्लातली_पुणेकर

@पिठलंभाकरी, राहासचे तमालेस, म्हणजे मिरचीच्या पट्ट्या आणि चीज, आणि गुलाबी गोड तमालेस बेदाणे घातलेले. पण थांबा, पिठातच डुकराची चरबी असते, त्यामुळे बाहेर विचारल्याशिवाय नको. नाताळातल्या रोमेरितोस या पालेभाजीतही मोले आणि सुक्या कोळंबीचे वडे असतात, भाजी दिसते म्हणून फसू नका.

पुण्यात नक्की होतील. फक्त आपलं मक्याचं पीठ चालणार नाही, ते नुसतं दळलेलं असतं, इथला मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने साल सुटतं, पीठ धरून राहतं, मक्यातलं नायसिन अंगी लागतं. वाळका पांढरा मका घ्या (स्वीटकॉर्न नाही, पॉपकॉर्नचा नाही), किलोला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना, साल बोटाने निघेपर्यंत शिजवायचा, रात्रभर त्याच पाण्यात, सकाळी चोळून चोळून धुवायचा. मग इडलीच्या ग्राइंडरमध्ये कमी पाणी घालून जाडसर. चरबीऐवजी लोणी किंवा थिजलेलं तूप आधी हलकं होईपर्यंत फेटा, मग पीठ घालून परत फेटा, चिमूटभर गोळी पाण्यात टाकून तरंगली की झालं. मक्याची सालं मिळाली नाहीत तर केळीचं पान, नकली अजिबात नाही, ओआहाका, चियापासला तसेच करतात. पोब्लानोऐवजी भावनगरी मिरची भाजून सोलून. वाफवायला तास ते दीड तास. पातेल्याच्या तळाशी नाणं टाकायचं, पाणी उकळतंय तोवर ते खडखडतं, आवाज थांबला की पाणी संपलं.

एक अट आहे. इथे सगळे शपथेवर सांगतात की रागावलेल्या माणसाने केलेले तमालेस शिजत नाहीत, कच्चे राहतात. राहिलेच तर पातेल्यापुढे नाचायचं.

पिठलंभाकरी

चुना, ग्राइंडर सगळं जमेल. रागाचं कठीण आहे, सासूबाई महिनाभर इथेच आहेत. कॉर्नफ्लोअर घातलं तर?

पुएब्लातली_पुणेकर

नाही.

टेक्सासवाला

सासूबाईंनाच घड्या घालायला बसवा. तमालाडा.

कडवट_काका

आणि नाचायलाही.